पडद्याआडचे एक मिनिट

बदलीच्या नोकरीत माणूस दोन गोष्टींत तरबेज होतो, असे आमचा रेल्वेच्या हिशेबखात्यातील सदतीस वर्षांचा अनुभव सांगतो. पहिली गोष्ट सामान बांधणे आणि दुसरी गप्प बसणे. पहिलीचे श्रेय अर्थातच आमच्या सौभाग्यवतींचे. चार प्रांतांतील सात बिऱ्हाडे त्यांनीच हलविली. आम्ही केवळ पेट्यांवर क्रमांक घातले. दुसरी विद्या मात्र आमची स्वतःची. परप्रांतात भाषा येत नाही म्हणून गप्प बसावे, भाषा येऊ लागली की रीतिरिवाज ठाऊक नाहीत म्हणून गप्प बसावे, आणि दोन्हींची थोडी उमज पडू लागली की बदलीचा हुकूम हाती यावा. आमच्या वाचकांपैकी निम्म्यांना तरी हा क्रम पाठ असेल. हे गप्प बसणे एकदा अंगवळणी पडले म्हणजे ते कचेरीतून घरातही येते, आणि घरात आल्यावर आपण त्याला मर्यादा असे भारदस्त नाव देतो. आज जे लिहावयाचे आहे ते या मर्यादेविषयी. विषय बायकांच्या दुखण्याचा आहे. तो एका पुरुषाने, त्यातून एका हिशेबनिसाने, येथे का मांडावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच त्यांस विनंती.

सन 2013 मध्ये आमची बदली मदुरैस झाली. याच रेल्वे विभागात दिंडिगल हे जंक्शन लागते. उशीसारखा दिसणारा एक अवाढव्य खडक, त्यावर जुना किल्ला आणि पायथ्याशी कुलपांचे व तंबाखूचे गाव, अशी त्याची ओळख. तेथून पुढे लोहमार्गाच्या कडेकडेने रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमन मंडळींच्या लहान लहान वसाहती आहेत. अधिकाऱ्यांच्या पत्नींचे एक मंडळ दरवर्षी या वसाहतींत काही ना काही वाटप करीत असे. कधी शिवणयंत्रे, कधी वह्या. 2014 साली मंडळाने आरोग्यशिबिर भरविण्याचे ठरविले, आणि मंडळाच्या चिटणीसपदाची माळ त्या वर्षी सौभाग्यवतींच्या गळ्यात पडलेली होती. त्यामुळे शिबिराचा जमाखर्च ओघानेच आमच्याकडे आला.

एका धर्मादाय इस्पितळातून परिचारिका यावयाची होती. ती आदल्या दिवशीच आमच्या बंगल्यावर आली. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारी बाई. तिचे इंग्रजी आणि सौभाग्यवतींचे भाजीबाजारात कमावलेले तमिळ, यांच्या साहाय्याने ओसरीवर त्यांचे बोलणे चालले होते. आम्ही आत उठून जावे, असे रीतीप्रमाणे आमच्या मनात आले. पण खर्चाचा आकडा हवा होता, म्हणून वर्तमानपत्र तोंडापुढे धरून तेथेच बसलो. शिबिर कशाचे ते तेव्हा कळले. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी व्हावयाची होती.

तिने जे सांगितले, आणि पुढे आम्ही जे वाचून काढले, ते थोडक्यात असे. हा रोग एका विषाणूमुळे होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस असे त्याचे नाव. हा संबंध हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने उघडकीस आणला, आणि त्यासाठी 2008 साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांस मिळाला. नवराबायकोच्या नित्याच्या सहवासातून हा विषाणू शिरतो. संसार करणाऱ्या बहुतेक बायकांना तो केव्हा ना केव्हा होऊन जातो. तेव्हा यात कोणाच्या शीलाचा प्रश्न मुळीच नाही. बहुतेकींचे शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला आपोआप घालवून देते. काहींच्या ठिकाणी मात्र तो ठाण मांडतो आणि गर्भाशयाच्या तोंडावरील पेशी हळूहळू बिघडू लागतात. हा बिघाड म्हणजे कर्करोग नव्हे. बिघाडापासून कर्करोगापर्यंतची वाट सामान्यतः पंधरा ते वीस वर्षांची असते. हे ऐकून आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले. इतकी वर्षे आधी नोटीस देणारा सावकार आमच्या सबंध नोकरीत आम्ही पाहिलेला नव्हता.

मग ती नोटीस वाचावयाची कशी? न्यूयॉर्कमधील जॉर्ज पापानिकोलाउ या ग्रीक वैद्याने 1940 नंतरच्या दशकात याची एक रीत प्रचारात आणली. गर्भाशयाच्या तोंडावरील थोड्या पेशी हलक्या हाताने काढावयाच्या, काचेवर पसरावयाच्या, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या. श्रीमंत देशांत या एका रीतीने रोगाचा कणा मोडला. परंतु तिला काच लागते, रंग लागतात, प्रयोगशाळा लागते, ती काच वाचू शकणारा जाणकार लागतो, आणि निकाल ऐकण्यासाठी पुन्हा येणारी बाई लागते. “साहेब, पहिल्या चारांची सोय सरकार करू शकेल,” परिचारिका आमच्याकडे वळून म्हणाली, “पाचवी कोठून आणायची? तिची रोजंदारी बुडते, मूल रडतं, बस चुकते. ती पुन्हा येत नाही.”

म्हणून गरिबांच्या देशांसाठी दुसरी रीत निघाली. शिरका, म्हणजे ज्याला आपण व्हिनेगर म्हणतो, त्यातील आम्ल पाण्यात शंभरास तीन ते पाच या प्रमाणात घ्यावयाचे. कापसाच्या बोळ्याने ते गर्भाशयाच्या तोंडाला लावावयाचे आणि एक मिनिट थांबावयाचे. निरोगी भाग गुलाबी राहतो. बिघडलेला भाग पांढरा पडतो. चांगला उजेड आणि शिकविलेला डोळा असला म्हणजे झाले. निकाल तेथल्या तेथे. आणि डाग लहान असेल तर उपचारही त्याच दिवशी, त्याच टेबलावर.

हे सारे कोठे सिद्ध झाले, असे आम्ही विचारले. हिशेबनिसाला पावती लागते. परिचारिकेने हाताने पश्चिमेकडे खूण केली. ओट्टनछत्रमजवळच्या अंबिलिक्कै गावच्या आरोग्यकेंद्राच्या साहाय्याने, याच दिंडिगल जिल्ह्यात, 2000 सालापासून हा प्रयोग झाला होता. तीस ते एकोणसाठ वयाच्या 49,311 बायकांना बोलावणे गेले; 31,343 आल्या. शिकविलेल्या परिचारिकांनी त्यांना तपासले. डॉ. शंकरनारायणन् आणि त्यांचे सहकारी यांनी 2007 मध्ये निकाल प्रसिद्ध केला. ज्या गावांत तपासणी झाली तेथे, न तपासलेल्या गावांच्या मानाने, या रोगाचे मृत्यू शंभरी पस्तीसने कमी झाले. आणि दर अकरांतील चार बायका पडद्याआड गेल्याच नाहीत, त्या धरून हा हिशेब. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी 1998 पासून झोपडपट्ट्यांत हेच करून पाहिले. तेथे तर परिचारिकाही नव्हत्या. त्याच वस्त्यांतील दहावी शिकलेल्या मुलींना तयार करून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी तपासणी करविली. मृत्यू शंभरी एकतीसने घटले. तो निकाल 2013 साली, म्हणजे आम्ही मदुरैस गेलो त्याच वर्षी, जाहीर झालेला होता.

“आणि आपल्याकडेच, साहेब,” ती सहज म्हणाली, “महाराष्ट्रात उस्मानाबाद म्हणून जिल्हा आहे ना, तिथं तर सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला. बार्शी म्हणून गाव आहे. तुम्हांला ठाऊक असेल.”

आम्हांला ठाऊक होते. आज धाराशिव म्हणतात त्याच जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात आमच्या अक्काला दिली होती.

अक्का आमच्याहून पंधरा वर्षांनी वडील. आई सतत आजारी, त्यामुळे आमची वेणीफणी सोडून बाकी सर्व तिने केले, असे ती थट्टेने म्हणे. ती सासरी गेल्यावर दर भाऊबीजेला कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेच्या त्या खेळण्यासारख्या अरुंद गाडीने बार्शीस उतरावयाचे आणि तेथून एस.टी. धरून तिच्या गावी जावयाचे, हा आमचा नेम. आम्ही पुढे रेल्वेत गेलो, त्याचे कूळ या गाडीत असावे.

1990 सालच्या भाऊबीजेला आम्ही एकटेच गेलो होतो. ओवाळून झाल्यावर अक्का ताट हातात धरून तशीच उभी राहिली. दाजी बाहेर गुरांकडे होते. ती हळू आवाजात म्हणाली, “बाळ, बाईमाणसाचं दुखणं तुला काय सांगायचं, पण अलीकडं अंगावरून फार जातं रे. मधूनच लाल दिसतं. कंबर तर भरून येते.” आम्ही काय केले? ताटातील निरांजनाकडे पाहिले. ओवाळणीच्या नोटेत आणखी एक नोट घातली. “दाजींना सांग, डॉक्टरला दाखव,” एवढे पुटपुटलो आणि लगेच एस.टी.ची वेळ विचारली. तीही मग हसली आणि चिवड्याचा डबा बांधू लागली. तो प्रसंग पुरता अर्ध्या मिनिटाचा असेल. तिला आणखी काही बोलावयाचे होते, हे आम्हांस समजले होते. ते ऐकण्याचा संकोच वाटला, म्हणून समजले नाही असे दाखविले.

पुढच्या मार्चात तिला बार्शीच्या इस्पितळात नेले. रोग गर्भाशयाच्या तोंडावरून बाजूला पसरून कमरेच्या हाडापर्यंत पोहोचला होता. अशा वेळी मूत्रवाहिन्या दबतात, मूत्रपिंडे थकतात, आणि मरण बहुधा त्या वाटेने येते. तसेच ते आले. ऑगस्ट 1991 मध्ये अक्का गेली. तिला सत्तेचाळीसावे लागले होते.

नंतर समजले की आपल्या देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदवही 1987 साली बार्शीसच उघडली गेली होती. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील गावोगाव माणसे फिरत, रुग्णांची नोंद घेत, आणि घेता घेता बायकांशी या दुखण्याविषयी बोलत. त्या बोलण्याचाच परिणाम होऊन पुढे पुढे बायका लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, असे त्यांच्या नोंदींतून दिसून आले. त्या वहीत अक्काचीही एक ओळ असणार. आमच्या घराण्यात आकडेमोड आम्हीच करतो असा आमचा समज होता; अक्का आमच्या आधी आकड्यांत गेली.

उस्मानाबादचा मोठा अभ्यास त्यानंतर, 1999 मध्ये सुरू झाला. 1,31,746 बायकांचे चार गट केले. एका गटाला विषाणूची परीक्षा, दुसऱ्याला काचेवरील पेशींची, तिसऱ्याला शिरक्याची, आणि चौथ्याला नेहमीची व्यवस्था व तोंडी माहिती. आठ वर्षांनी पाहता विषाणूची परीक्षा एकदाच झालेल्या गटातील मृत्यू चौथ्या गटाच्या सुमारे निम्म्यावर आले होते. शिरक्याचा गुण तेथे तितका उमटला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. चौथ्या गटातील बायकांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे कडक टीका झाली, आणि तो प्रश्न अवघड आहे. इतके मात्र खरे की आज जगभर जी दिशा धरली गेली आहे तिचा एक मोठा आधार आमच्या अक्काच्या जिल्ह्यातील बायकांनी दिला. आणि ही वार्ता आम्हांस मदुरैच्या ओसरीवर, एका तमिळ बाईच्या तोंडून कळावयाची होती.

असो. दुसऱ्या दिवशी शिबिर भरले. वसाहतीतील सभागृहाच्या कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून पडदा केला होता. आत एक टेबल, एक दिवा, उकळून ठेवलेली उपकरणे, कापूस आणि एक बाटली. बाहेर कडुनिंबाखाली चटईवर पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. परिचारिकेने छान समजावून सांगितले. तमिळात अंगावरून जाण्याला ‘वेळ्ळैप्पडुदल्’ म्हणतात, म्हणजे पांढरे होणे. आपणही पांढरे जाणे म्हणतो. बायकांनी माना डोलावल्या. एकही उठली नाही. परिचारिका एकेकीजवळ जाऊन आर्जवाने म्हणू लागली, “वांग अक्का, वांग.” म्हणजे, या अक्का, या. तमिळातही वडील बहिणीला अक्काच म्हणतात. हा शब्द आम्ही मदुरैत रोज शंभर वेळा ऐकत होतो. त्या दिवशी तो वेगळा ऐकू आला.

अखेर एका गँगमनची बायको, कडेवर मूल घेतलेली, सौभाग्यवतींकडे बोट दाखवून काही बोलली आणि सगळ्या चटईवर हशा पिकला. आम्ही अर्थ विचारला. “ती म्हणते, अम्मांनी स्वतः केली का?”

अम्मांनी केलेली नव्हती. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांचे दात, डोळे, रक्तदाब आणि गुडघे इतके आमच्या माहितीचे होते. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही छताकडे पाहिले. मग त्यांनी पर्स आमच्या हातात दिली, पदर खोचला आणि त्या पडद्याआड गेल्या.

परिचारिका बाहेरच्या बायकांना ऐकू जावे म्हणून मोठ्याने आकडे मोजत होती. ओण्णु, रेण्डु, मूणु. साठ आकडे. चटईवरच्या बायकाही तिच्याबरोबर मोजू लागल्या. आम्ही पर्स धरून उभे होतो. सौभाग्यवतींना त्या वर्षी सत्तेचाळीसावे चालू होते, हे आमच्या ध्यानात साधारण चाळीसाव्या आकड्याला आले.

थोड्या वेळाने पडद्यातून त्यांचे डोके बाहेर आले. “अहो, डाग आहे म्हणते ती. आजच काढून टाकू म्हणते. तुम्ही सगळ्यांच्या चहाचं बघा.”

बरोबर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नीट पाहिले. डाग लहान होता, सबंध दिसत होता, आत मार्गात शिरलेला नव्हता. असा असला तरच हा उपचार चालतो. हा कर्करोग नव्हता. कदाचित आपोआप बराही झाला असता, कदाचित दहा-पंधरा वर्षांनी डोके वर काढता. शिरक्याची परीक्षा काही वेळा उगाचच भिववते. साध्या दाहानेही पांढरेपणा येतो. पण पुढे कोण कोणाला कोठे भेटणार, या प्रश्नापुढे ते लहान नुकसान पत्करावयाचे, असा हा सौदा आहे. उपचारही ऐकण्यासारखा. सोड्याच्या बाटलीत जो वायू असतो त्याची नळकांडी, तिला जोडलेली धातूची टोपी. तीन मिनिटे गोठवावयाचे, पाच मिनिटे वितळू द्यावयाचे, पुन्हा तीन मिनिटे गोठवावयाचे. भूल नाही, टाका नाही. पाळीच्या दुखण्यासारखी कळ येते, इतकेच. सौभाग्यवती बाहेर येऊन चटईवर बसल्या आणि त्यांनी चहात साखर कमी असल्याची तक्रार केली. तेव्हा ती कडेवर मूल असलेली बाई उठली. मूल तिने सौभाग्यवतींच्या मांडीवर दिले. मग रांग लागली.

दुपारपर्यंत आणखी चार-पाच जणींना डाग निघाले आणि त्यांवर उपचार झाले. तेव्हा परिचारिका आमच्याकडे आली. उपचारानंतर महिनाभर पाण्यासारखा स्राव होतो, आणि तोवर नवराबायकोने वेगळे निजावयाचे असते. “हे मी बायकांना सांगितलं आहे, पण घरी जाऊन त्या सांगणार नाहीत. सांगितलं तरी नवरे ऐकणार नाहीत. साहेब, पुरुषांना तुम्ही सांगा.”

आमच्या हाताखालचे जमाखर्च कोट्यवधींचे होते. त्यांवर सही करताना हात कापला नव्हता. पण सिग्नलच्या खांबाजवळ बिड्या ओढीत बसलेल्या त्या सहा-सात माणसांकडे चालत जाताना आमचे पाय जड झाले. आमचे तमिळ तिकीटखिडकीपुरते. काय बोललो ते आता आठवत नाही. ‘ओरु मासम्’, म्हणजे एक महिना, हे दोन शब्द पुष्कळदा म्हटले असावेत. प्रथम ते जमिनीकडे पाहू लागले, अगदी आम्ही निरांजनाकडे पाहिले होते तसेच. मग गँगचा म्हातारा मेट डोळे बारीक करून म्हणाला, “साहेबांनाही का?” आम्ही म्हटले, “साहेबांनाही.” ते सगळे मोकळेपणी हसले, आणि आम्हीही. एका तरुणाने उठून विचारले, हे दुखणे माझ्यामुळे तिला झाले काय? आम्ही जे ऐकले होते ते सांगितले: कोणामुळे ते कळत नाही, आणि कळून उपयोगही नाही; ती बरी होईल एवढे पाहावे.

एका बाईला मात्र शिरका लावलाच नाही. वय पन्नासाच्या पुढे. नुसत्या डोळ्यांनी गाठ दिसत होती आणि स्पर्शाने रक्त येत होते. परिचारिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मोठ्या इस्पितळात जावयास सांगितले. तिच्या नवऱ्याने भीत भीत रजेचे आणि पासाचे विचारले. त्याच संध्याकाळी दोन्ही कागद त्याच्या हाती पडतील, अशी व्यवस्था आम्ही केली. तिचा रोग आसपास थोडा सरकला होता, पण हाडापर्यंत गेला नव्हता. किरणांचे उपचार झाले. आम्ही मदुरै सोडले तेव्हा ती हयात होती आणि मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आली होती.

त्यानंतर या क्षेत्रात बरेच घडले. नळकांडीच्या जागी विजेरीवर चालणारी, शंभर अंश उष्णतेने डाग मिनिटाच्या आत जाळणारी लहान उपकरणे आली. ती पिशवीत घालून नेता येतात. पाळी गेल्यावर डागाची जागा आत सरकते आणि शिरक्याला दिसेनाशी होते, ही त्या रीतीची जुनी उणीव. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये विषाणूच्या परीक्षेला पहिली पसंती दिली: तिसाव्या वर्षापासून, दर पाच ते दहा वर्षांनी. तिच्यासाठी नमुना बाईला स्वतःच घेता येतो, म्हणजे पडदाही लागत नाही. त्याच संघटनेने 2020 साली 2030 पर्यंतचे उद्दिष्ट ठरविले: पंधराव्या वर्षापर्यंत शंभरातील नव्वद मुलींना लस, सत्तर बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा तपासणी, आणि रोग वा बिघाड सापडलेल्यांपैकी नव्वदांना उपचार. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही तयार केली आणि 2022 मध्ये तिला परवानगी मिळाली. चिमुकल्या सिक्कीमने तर 2018 सालीच आपल्या जवळजवळ सर्व मुलींना लस टोचली.

आणि दुसरी बाजू अशी. 2022 या एका वर्षात आपल्या देशात या रोगाचे सुमारे 1,27,000 नवे रुग्ण झाले आणि सुमारे 80,000 बायका दगावल्या, असा अंदाज आहे. 2016 पासून तीस वर्षांवरील बायकांची शिरक्याने तपासणी करण्याची सरकारी योजना कागदावर आहे. तरी 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे कधी तरी तपासणी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. तमिळनाडूत त्या दहाच्या आसपास होत्या. तेथील सरकारने 2007 मध्ये तेनी आणि आपल्या व्यंकोजीराजांच्या तंजावर या दोन जिल्ह्यांत आरंभ करून पुढे राज्यभर हे काम नेले, त्याचे हे फळ. शिरका दोघांकडे सारखाच स्वस्त होता.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण आज कोणत्या ना कोणत्या प्रांतात अधिकाराच्या जागी आहेत. त्यांच्या हाती एक सभागृह असते, एक वाहन असते, रजा आणि पास देणारी एक सही असते. त्यांनी काय करावे हे सांगण्याची आमची योग्यता नाही. फक्त एवढेच की शिबिराचे फर्मान काढण्यापूर्वी आपल्या घरातील पडद्याची चौकशी करावी. आम्ही ती चटईवरच्या एका बाईने विचारल्यावर केली.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याच रात्री आम्ही अक्काच्या मुलीला दूरध्वनी केला. भाची आता स्वतः सासू होण्याच्या वयाची, लातुरास असते. इकडचे तिकडचे झाल्यावर आम्ही तिला स्पष्ट शब्दांत विचारले आणि बार्शीस जाऊन तपासून घे म्हणून सांगितले. मामाच्या तोंडी असे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “मामा, त्या दिवाळीत मी आईला म्हणाले होते, चल, डॉक्टरकडं जाऊ. ती म्हणाली, मी बाळच्या कानावर घातलंय, तो बघेल काय ते.”

आम्ही काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. सौभाग्यवतींनी आमच्या हातातून फोन घेतला आणि बार्शीची गाडी, इस्पितळाची वेळ, बरोबर कोण येईल, हे सारे तिला विचारू लागल्या. भाची त्याच आठवड्यात जाऊन आली. काही निघाले नाही.

हा लेख सौभाग्यवतींनी वाचला आहे. त्यांच्या तपासण्या नंतर निर्दोष आल्या. चहात साखर कमी होती, हे वाक्य काढू नये, असे त्यांचे म्हणणे पडले.